पेशंटजवळ बसणाऱ्याची वही : हॉस्पिटलातले जंतू, अँटिबायोटिक्स आणि सोबतीच्या माणसाचं काम

कोकणात घरातलं कुणी ॲडमिट झालं की पहिल्या तासात तीन गोष्टी ठरतात. गाडी कुणाची, पैसे कोण बघतो आणि रात्री सोबतीला कोण झोपणार. वहीचं कुणाच्या लक्षात येत नाही. मी सत्तावीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली शेवटची आठ इन्फेक्शन कंट्रोलच्या कामात गेली. सोबतीच्या माणसाच्या हातात वही दिसली की त्या खाटेकडे आमचं लक्ष थोडं जास्त जायचं, हे आता निवृत्त झाल्यावर कबूल करायला हरकत नाही.

वही पोरांची शाळेची असली तरी चालते. तिच्यात काय लिहायचं, कधी लिहायचं आणि त्यावरून कुणाला काय विचारायचं, ते इथे क्रमाने सांगते. कुठलं औषध द्यायचं हे ठरवायला हा लेख नाही, ते काम डॉक्टरांचं.

एक गैरसमज आधी काढून टाकू. "बाबांना त्या गोळीची सवय झाली, आता ती लागू पडत नाही," असं लोक म्हणतात. सवय बाबांना होत नाही, जंतूंना होते. अँटिबायोटिक पोटात गेलं की आतड्यातले नरम जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. वर हे चिवट जंतू आपली विद्या शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. हॉस्पिटलात आजारी माणसं एकाला एक लागून, अंगात नळ्या आणि औषधांचा मारा सतत, त्यामुळे चिवटांचं तिथे चांगलंच फावतं. २०१९ साली जगात साधारण १२.७ लाख मृत्यू थेट अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

निघताना : गोळ्यांची पिशवी आणि चिखलाची गोष्ट

घरातल्या गोळ्यांचा डबा असेल तसा उचला. डॉक्टरांना "दोन गोळ्या चालू होत्या, एक पांढरी, एक गुलाबी" सांगून उपयोग नसतो. एका आजींच्या पिशवीत मला चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या मिळाल्या होत्या, चारही ॲझिथ्रोमायसिन या एकाच अँटिबायोटिकच्या. एक गावातल्या डॉक्टरची, एक मेडिकलवाल्याने दिलेली, एक शेजारणीची आणि एक गणपतीला आलेल्या मुंबईच्या मुलाने "घरात असू दे" म्हणून ठेवलेली. दोन महिन्यांत आजींनी चारही थोड्या थोड्या घेतल्या होत्या.

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा : गेल्या तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक्स झाली, कुठे ॲडमिट होते का, आधीचा कल्चर रिपोर्ट (जंतू कोणता ते सांगणारा लॅबचा कागद) आहे का, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं किंवा श्वास लागला होता का, आणि डायबेटिस, किडनी किंवा लिव्हरचा त्रास आहे का. नुकतीच अँटिबायोटिक्स झालेल्या किंवा हॉस्पिटलात राहून आलेल्या माणसात चिवट जंतू असण्याची शक्यता जास्त असते. डॉक्टर पहिलं औषध निवडतात ते बरंचसं या माहितीवर.

दुसऱ्या पानावर आपल्या मातीची माहिती. मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या डॉक्टरला ती आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. चिखलणी-लावणीला अनवाणी उतरला होता का? तर लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप. रानात, गवतात फिरला होता आणि अंगावर, काखेत किंवा कमरपट्ट्याखाली काळी खपली आहे का? तर स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातला आहे, काजूच्या बागेत जातो, आसपास माकडं मेली आहेत का? तर माकडताप. सिंधुदुर्गात तो २०१६ पासून माहीत आहे, गोचिडीमुळे होतो आणि विषाणूचा आहे, म्हणजे त्याच्यावर कुठल्याच अँटिबायोटिकचा उपयोग नाही. खाडीत कालवं काढताना पाय कापला का? खाऱ्या पाण्यातले काही जंतू काही तासांत पाय टरटरून सुजवतात. लिव्हर खराब असलेल्या माणसाला त्यांचा धोका फार.

आणखी एक, मेलिऑइडोसिस. ओल्या मातीत-पाण्यात राहणारा जंतू, पावसाळ्यात वर येतो आणि डायबेटिसवाल्यांना जास्त धरतो. ताप हटत नाही, छातीत किंवा लिव्हरमध्ये गळू होतात. लॅबमध्ये तो कधी कधी 'स्यूडोमोनास' म्हणून नोंदला जातो आणि उपचार भलतीकडे जातात. "डायबेटिस आहे, शेतात चिखलात काम करतो, ताप उतरत नाही" ही तीन वाक्यं एकत्र सांगितली की डॉक्टरांच्या डोक्यात घंटा वाजते.

या यादीतली गंमत बघा. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिन लागते, काही रुपयांची जुनी गोळी. त्याच पेशंटला मेरोपेनेम हे हजारांतलं अँटिबायोटिक इंजेक्शन दिलं तर त्या जंतूला त्याचं काहीच वाटत नाही. ज्या जंतूवर चालतं तेच औषध 'भारी'. पण आमच्या वॉर्डात एक आजोबा रोज सकाळी राऊंडच्या आधी मला गाठायचे. "गे बाय, माका तां मोठा इंजेक्शन घाल, गणपतीक माका घराक जावचा आसा." मोठ्या इंजेक्शनाने घरी लवकर जाता येतं, ही समजूत मला शेवटपर्यंत मोडता आली नाही.

पहिला तास : आधी कल्चर, मग अँटिबायोटिक

कल्चर म्हणजे रक्त, लघवी, पू किंवा बेडक्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून तो कोण आहे आणि कशाने मरतो ते बघणं. अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी नमुना घेतलेला उत्तम. डोसनंतर घेतला तर अर्धमेला जंतू लॅबमध्ये उगवत नाही आणि रिपोर्ट कोरा येतो. म्हणून पहिलं इंजेक्शन भरताना दिसलं की सिस्टरना शांतपणे विचारा, "कल्चर पाठवलंय का?"

पण कल्चरसाठी औषध अडवून धरू नका. पेशंट बरळतोय, धापा टाकतोय, हातपाय गार पडलेत, लघवी कमी झालीय, बीपी खाली आलंय, ही सेप्सिसची, म्हणजे इन्फेक्शनमुळे अख्खं शरीर कोलमडायला लागल्याची लक्षणं. तिथे तासाभरात औषध गेलं पाहिजे. रक्त काढायला पाच मिनिटं लागतात, तेवढीच द्यायची.

रक्ताचं कल्चर असेल तर मोठ्या माणसाचं दोन वेगळ्या जागांहून रक्त घेतात, दर बाटलीत ८ ते १० मिली. "केवढं रक्त काढलं माझ्या आईचं!" म्हणून भांडू नका. कमी रक्तात जंतू हुकतो. लघवीचा नमुना धारेच्या मधला, आधी जागा पाण्याने धुऊन, लॅबच्या निर्जंतुक डबीतच. घरातली उकळून घेतलेली जॅमची बाटली चालत नाही. लघवीची नळी असेल तर नमुना नळीच्या ठरलेल्या जागेतून सुईने घेतात. पिशवीतली लघवी तासन् तास साचलेली असते, तिच्यात काहीही उगवतं.

आमच्याकडची खरी अडचण अंतराची. तालुक्याच्या गावातून नमुना रत्नागिरीला, ओरोसला, कोल्हापूरला किंवा थेट मुंबईला जातो. लघवी दोन तासांत लॅबमध्ये पोचणार नसेल तर ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते. रक्ताच्या कल्चरची बाटली मात्र फ्रिजमध्ये कधीच ठेवायची नाही. हे उलटसुलट झालेलं मी पाहिलं आहे, शनिवारी दुपारी, गाडी निघून गेल्यावर. म्हणून वहीत लिहा : नमुना किती वाजता घेतला, कुठे गेला, रिपोर्ट कधी मिळणार. पहिली बातमी बहुधा २४ ते ४८ तासांत येते, पक्कं उत्तर तिसऱ्या दिवसाच्या आसपास. रक्ताची बाटली पाच दिवस ठेवतात.

तिसरा दिवस : रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टात वर जंतूचं नाव असतं आणि खाली औषधांची यादी, प्रत्येकासमोर एक अक्षर. 'एस' म्हणजे चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही, 'आय' म्हणजे डोस वाढवून किंवा ठराविक जागी चालू शकेल. शेजारी आकडे असतात. ज्याचा आकडा लहान ते औषध चांगलं, असं वाचू नका. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी आहे, दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. ही चूक सुशिक्षित नातेवाईक जास्त करतात.

'ईएसबीएल' लिहिलं असेल तर जंतू नेहमीची बरीच इंजेक्शनं तोडून टाकणारं रसायन बनवतो. 'एमआरएसए' म्हणजे कातडीवर राहणाऱ्या स्टॅफ ऑरिअस या जंतूचा चिवट अवतार. 'कार्बापेनेम रेझिस्टंट' दिसलं, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांनाही जंतू दाद देत नाही, तर प्रकरण गंभीर. मग कोलिस्टिनसारखी जुनी, किडनीला त्रास देणारी औषधं बाहेर काढावी लागतात. कोलिस्टिन कोंबड्या, मासे आणि जनावरांना देण्यावर भारतात २०१९ मध्ये बंदी आली ती यासाठीच, माणसांकडे तेवढंच उरलं होतं.

रिपोर्टात जंतू दिसला म्हणजे आजार आहेच, असं नाही. नळी असलेल्या पेशंटच्या लघवीत जंतू निघणारच. ताप नाही, त्रास नाही, तर बहुतेक वेळा त्याला औषध लागत नाही. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेला पेशंट यांची गोष्ट वेगळी. रक्ताच्या एकाच बाटलीत कातडीवरचा जंतू आला तर तो सुई टोचताना शिरलेला असू शकतो. डॉक्टर म्हणाले, "हे ट्रीट करायची गरज नाही," तर "पण रिपोर्ट तर पॉझिटिव्ह आहे ना!" म्हणून गळ घालू नका.

रिपोर्ट बघून डॉक्टर महागडं इंजेक्शन बंद करून साधं सुरू करतात तेव्हा नातेवाइकांचे चेहरे पडतात. योजनेतला पेशंट म्हणून स्वस्तात काढतायत, अशी कुजबुज सुरू होते. उलट आहे. पहिल्या दिवशी जंतू माहीत नसतो म्हणून जाळं मोठं टाकतात. तो कळला की नेमका गळ टाकायचा. चांगल्या डॉक्टरची ही खूण आहे.

रोज सकाळी : "ही नळी अजून हवी का?"

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : "ही नळी अजून हवी का?" अंगातली प्रत्येक नळी म्हणजे जंतूंसाठी उघडलेला दरवाजा. राऊंडच्या वेळी हे विचारलं म्हणून कुठला डॉक्टर रागावत नाही, आणि रागावलाच तरी विचारा. वहीत प्रत्येक नळीची घातल्याची तारीख लिहा.

लघवीच्या नळीबद्दल जरा सविस्तर सांगते. नळी घातल्यापासून दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. महिनाभर राहिली तर जवळपास सगळ्यांच्या. तरी ती राहते, कारण सगळ्यांनाच ती सोयीची वाटते. आमची चूक मी लपवत नाही, बेडपॅन देण्यापेक्षा पिशवी रिकामी करणं सोपं. पण "रात्री उठवायला नको, राहू दे सिस्टर" असं म्हणणारे नातेवाईकही मी शेकड्याने पाहिलेत.

एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. एका हॉस्पिटलात पेशंटला सोनोग्राफीला नेत होते. स्ट्रेचरवर घेतलं आणि वॉर्डबॉयने लघवीची पिशवी उचलून त्यांच्या पोटावर ठेवली. ब्लँकेटही पांघरलं वरून. दोन दिवसांची गढूळ लघवी नळीतून मागे सरकताना मी पाहिली, लिफ्टचं दार लागता लागता. नंतर थंडी वाजून ताप आला. त्या पिशवीमुळेच आला असं शपथेवर सांगू शकत नाही, पण पिशवी मात्र मी त्या दिवसापासून विसरले नाही.

म्हणून पिशवी नेहमी कमरेच्या खाली. स्ट्रेचरवर, व्हीलचेअरवर, कूस बदलताना, कायम. पण जमिनीला टेकलेली नको. नळीला पीळ नको, मांडीला चिकटपट्टीने बांधलेली हवी, नाहीतर ओढ बसते. पिशवी दोनतृतीयांश भरली की रिकामी करायची. प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं आणि पिशवीचा नळ भांड्याला लागू द्यायचा नाही. नळी आणि पिशवी यांचा जोड उगाच उघडायचा नाही. रोज साबण-पाण्याने बाहेरची जागा धुतली की पुरे, डेटॉल ओतायची गरज नाही.

हातातली सुई म्हणजे सलाईनची. पट्टीवर तारीख लिहिलेली आहे का बघा. जागा लाल, गरम, दुखरी झाली किंवा शीर दोरीसारखी कडक लागली तर लगेच सांगा, उद्याच्या राऊंडची वाट बघू नका. पावसाळ्यात आमच्याकडची हवा इतकी दमट की चिकटपट्टी चार तासांत सुटते. ओली, सुटलेली पट्टी बदलून मागा, तुमचा हक्क आहे. औषध देताना सिस्टरने नळीचं तोंड स्पिरिटने घासलं की नाही, तेही बघायला हरकत नाही. आणि "अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा" हा हट्ट सोडा. एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ आणि पाणी असतं. तोंडाने पेज जात असेल तर पेज बरी.

नाकातून पोटात नळी असेल तर भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोकं ३० ते ४५ अंश वर. आडवं ठेवून भरवलं तर पेज छातीत जाते आणि न्यूमोनिया होतो. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचंही डोकं असंच वर ठेवतात आणि तोंड स्वच्छ करतात. बाहेरच्या वॉर्डात तुमचं काम म्हणजे उठवून बसवणं, दीर्घ श्वास घ्यायला लावणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. यात एक रुपया खर्च नाही.

हात, आणि भेटायला येणारी अख्खी वाडी

पेशंटला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर. लघवी, पू, ड्रेसिंगला हात लागल्यावर. खाटेच्या कठड्याला, टेबलाला लागल्यावरही. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, बोटांच्या टोकांना आणि अंगठ्याला विसरू नका. साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. अँटिबायोटिक चालू असताना जुलाब सुरू झाले तर आधी सांगा, एक विशिष्ट जंतू त्याचं कारण असू शकतो आणि त्याच्या बीजांना सॅनिटायझरने काही होत नाही, साबण-पाणीच लागतं. ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुवायला सूट मिळत नाही.

डॉक्टरला "हात धुवा" कसं सांगायचं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. एका मालवणच्या बाईने मला शिकवलं. डॉक्टर खाटेशी आले की ती हसून सॅनिटायझरची बाटली पुढे करायची, "घ्या डॉक्टर, हे इथे ठेवलंय." नकार द्यायला जागाच नाही.

भेटायला येणाऱ्यांचं सांगते ते कुणाला आवडणार नाही. गणपतीत चाकरमानी आले की एका खाटेभोवती पंधरा माणसं, शहाळी, नारळ, लहान पोरं आणि दोघे-तिघे पेशंटच्या पायाशी बसलेले. एका वेळी दोघे, खाटेवर बसायचं नाही, सर्दी-ताप असलेल्यांनी फोन करायचा.

पेशंटला चिवट जंतूमुळे वेगळ्या खोलीत हलवलं तर घाबरू नका, वाळीत टाकलेलं नाही. धडधाकट घरच्यांना त्याचा धोका सहसा कमी असतो. हात स्वच्छ ठेवून जवळ बसा, बोला.

औषधाचे दिवस मोजणं

वहीत एक पान उभं आखा. औषधाचं नाव, कशासाठी, आज कितवा दिवस, एकूण किती दिवस, तोंडाने गोळी कधी सुरू करता येईल. ही पाच उत्तरं तिसऱ्या दिवसापर्यंत मिळालीच पाहिजेत. ४८ ते ७२ तासांनी औषधाचा फेरविचार करायचा असतो, तेव्हा तुमचा प्रश्न अगदी वेळेवर येतो.

"कोर्स पूर्ण करा" हे आम्हीच वर्षानुवर्षं पढवलं. आता मी ते असं सांगते : डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस, ना कमी ना जास्त. बऱ्याच आजारांत थोडे दिवस पुरतात. २०२४ च्या 'बॅलन्स' नावाच्या मोठ्या चाचणीत रक्तात जंतू सापडलेल्या हॉस्पिटलातल्या पेशंटना ७ दिवसांचं औषध १४ दिवसांइतकंच लागू पडलं. स्टॅफ ऑरिअस हा जंतू त्यातून वगळला होता. पण टीबीला कमीत कमी सहा महिने औषध बऱ्याचदा लागतंच, मेलिऑइडोसिसला इंजेक्शनांनंतर गोळ्या तीन महिने तरी. स्वतःच्या मनाने आकडा बदलू नका, पण विचारा.

ऑपरेशन असेल तर अँटिबायोटिक काप घेण्याआधी तासाभरात एकदा देतात आणि बहुतेक साध्या ऑपरेशनांत तेवढंच पुरतं. टाके सुकेपर्यंत रोज इंजेक्शन दिल्याने टाके लवकर सुकत नाहीत. आदल्या रात्री ब्लेडने केस काढायचे असतील तर विचारा, मशीनने काढता येतील का, किंवा काढायलाच हवेत का. ब्लेडच्या बारीक ओरखड्यांत जंतू रात्रभर वाढतात.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्डासोबत कल्चर रिपोर्टची प्रत मागून घ्या. कार्डावर नुसतं 'इन्फेक्शन' लिहिलेलं असतं, जंतूचं नाव नसतं. पुढच्या वेळी बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात, न्यायची वेळ आली तर तो एक कागद दोन दिवस वाचवतो. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

गोळीच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. १ मार्च २०१४ पासून बऱ्याच मोठ्या अँटिबायोटिक्सची नोंद मेडिकलवाल्याला वहीत ठेवावी लागते, पेशंटच्या आणि डॉक्टरच्या नावासकट, आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. म्हणजे तुमच्यासारखी वही त्याच्याकडेही आहे, निदान असायला हवी. उरलेल्या गोळ्या डब्यात परत जाऊ देऊ नका.

जखमेवर हळद, पाला, खोबरेल काही नको. ड्रेसिंग ओलं झालं की बदलायचं. टाके पूर्ण सुकेपर्यंत चिखलणीला उतरायचं नाही, मग मळा पडीक राहिला तरी. ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत, आत प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत, ताप, लाली, पू किंवा वाढतं दुखणं दिसलं तर त्याच डॉक्टरकडे जा.

जाताना तीच वही पिशवीत घ्या आणि पहिलं पान आधी दाखवा.